सात नंबरचा आवाज

लेटी हॉबार्ट ठार बहिरी आहे हे सगळ्या हॉलिवूडमध्ये फक्त मला ठाऊक होतं. आणि माझं तोंड कसं आहे हे सगळ्या हॉलिवूडला ठाऊक आहे. तेव्हा ते गुपित पोटात ठेवताना माझे काय हाल झाले असतील ते तुम्हीच बघा.

आम्ही दोघी एक्स्ट्रा. सिनेमात बाजार असला की बाजारातल्या बाया, चर्च असलं की बाकावरच्या भाविक, आग लागली की झगे सावरत पळणाऱ्या. त्याआधी मी एका नाटक कंपनीत गायचे आणि लेटी तिथे कपडे शिवायला यायची. ओमाहाकडची, मऊ आवाजाची, तिनं दटावलं तरी माणसाला बरं वाटायचं. नवरा ट्राम चालवायचा. युद्धाच्या शेवटाला ती तापाची साथ आली, तिनं नवऱ्याला नेलं आणि जाता जाता लेटीचे दोन्ही कान नेले. ती शुद्धीवर आली तेव्हा मी खाटेशेजारी बसून हाका मारत होते आणि ती मला विचारत होती, "मॉड, नुसतं तोंड काय हलवतेस गं?" तेव्हापासून आम्ही एका खोलीत राहतो आणि मी तिच्याशी तोंड उजेडात धरून बोलते.

मूकपट होते तोवर तिचं काही अडलं नाही. उलट चैनच होती. दिग्दर्शक हातवारे करून सांगायचा, ही बघून करायची. शिवाय ओठ वाचायला शिकली होती ना! पडद्यावरचा नायक नायिकेला मिठीत घेऊन जन्मोजन्मीच्या शपथा घालतोय असं लोकांना वाटायचं, खरं तर तो म्हणत असायचा, "अगं, माझ्या पायावरचा पाय काढ, जीव चाललाय." लेटी हे सगळं मला सांगायची आणि आम्ही मागच्या बाकावर हसून बेजार व्हायचो. एकच गोष्ट तिला खपायची नाही. कुणी तोंडावर हात ठेवून बोललं की तिचा चेहराच उतरायचा. "तोंडावर हात गेला की समजावं, विषय माझा आहे," म्हणायची. मी मेली जांभईसुद्धा मान फिरवून द्यायचे.

आणि टेलिफोन. आमच्या धंद्यात रोज संध्याकाळी कामं वाटणाऱ्या कचेरीला फोन करायचा, नाव सांगायचं, आणि पलीकडच्या मुलीनं "काम नाही, उद्या करा" म्हटलं की मुकाट्यानं ठेवायचा. आमच्या बोर्डिंगात जिन्याखाली भिंतीवर फोन होता. मी आधी माझ्या घोगऱ्या आवाजात मॉड किल्गोर म्हणून बोलायचे, ठेवायचे, थोडा वेळ दम खायचे, आणि मग लेटीच्या मऊ आवाजात लेटिशा हॉबार्ट म्हणून बोलायचे. तिचा साथीआधीचा आवाज मला पाठ होता. तिचा स्वतःचा मात्र नंतर नंतर बिघडत गेला. न ऐकता बोलणाऱ्या माणसाचं होतं तसं, शब्द जाड झाले, मध्येच वर उडायचे, शेवटी फाटायचे. तिला ते कळत नव्हतं. मी कशाला सांगू?

मग बोलपट आले. बोबडे गेले, परदेशी उच्चाराचे गेले, नाकात बोलणारे गेले. बहिरीला कोण ठेवतंय? लेटी पन्नाशी ओलांडलेली, मागंपुढं कुणी नाही, शिवणकामाला डोळे राहिले नव्हते. कचेरीतून नाव उडालं की संपलं. ती रात्रंदिवस तेच बोलायची. "मॉड, कळलं तर?" मी म्हणायचे, "कसं कळेल? मी काय मेलेय?" 

अशात आम्हाला ज्यूरीचं काम लागलं. एक्स्ट्राला ज्यूरी म्हणजे घबाडच. जमावातली तोंडं रोज बदलली तरी चालतात, पण ज्यूरीतले बारा चेहरे एकदा कॅमेऱ्यानं टिपले की खटला संपेपर्यंत तेच लागतात. लेटीला पुढच्या रांगेत सात नंबरची खुर्ची मिळाली आणि मला तिच्या शेजारची आठ नंबरची. चित्र विनोदी होतं. कॉर्नेलियस स्वीट नावाचा एक वकील, दिसायला राजबिंडा, बोलायला लोणी, आणि धंद्यानं पक्का चोर. फरकोट चोरणाऱ्याला सोडवायला उभा राहतो आणि भाषण करता करता न्यायाधीशाचंच घड्याळ लांबवतो. ते काम जेरोम फॅलन करत होता. त्याला बघून बायका अजूनही जिन्याची पायरी चुकायच्या.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. फॅलननं विनोद केला, आम्ही बाराही जण पोट धरून हसलो, मांड्यांवर थापा मारल्या, डोळे पुसले. काचेच्या खोलीतून आवाजवाला पर्डी धावत बाहेर आला, कानावरची यंत्रं काढत. "अहो, ज्यूरी मेली काय? मला काहीच ऐकू येत नाहीये!"

झालं होतं असं की इतकी वर्षं मूकपटात दिवसभर हसावं लागायचं, आणि खरोखर आवाज काढून हसलं तर दुपारपर्यंत घसा बसायचा. म्हणून आम्ही सगळे बिनआवाजाचं हसायला शिकलो होतो. तोंड आ वासून, खांदे हलवून, आणि आतून गप्प. अंगात इतकं मुरलेलं की बोलपट आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दिग्दर्शक टकर कपाळाला हात लावून बसला. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण आता पर्डीनं एकेकाला हसवून तपासलं असतं तर? सुदैवानं त्यानं सगळ्यांना एकदम हसायला लावलं. मी लेटीला कोपर मारलं आणि दोघींच्या वाटचं हसले.

त्या कोपरावर आमचं चाललं होतं. एकदा कोपर म्हणजे हस, दोनदा म्हणजे थांब. एरवी ती फॅलनचे ओठ वाचायची. तो पाठ फिरवून पाण्याच्या सुरईकडे तोंड करायचा, कारण मायक्रोफोन त्या सुरईत लपवला होता, तेव्हा ती बिचारी अंधारात पडायची. बहिऱ्या माणसाला पावलांचा धक्का जमिनीतून कळतो, तोही आता मिळत नव्हता. आवाज नको म्हणून साऱ्या फळ्यांवर जाड कांबळी पसरली होती आणि बुटांच्या तळाला लोकरीचा नमदा लावला होता.

पण म्हणतात ना, नशीब काढायचं तर असं. लेटी फॅलनचे ओठ वाचायला त्याच्याकडे डोळ्यांची पापणी न लववता बघायची, आणि तोच त्याला भुलला!

मूकपटात तो विनोद करायचा तेव्हा कॅमेरावाला हसायचा, सुतार हसायचे, पेटीवाला हसायचा. त्यावरून त्याला कळायचं की बरं चाललंय. आता लाल दिवा लागला की सगळे दगड. एवढा मोठा नट, पण त्या शांततेत वाक्य अर्धवट सोडून इकडेतिकडे बघताना मी त्याला पाहिलाय. मग त्याला ती सात नंबर दिसली. दुपारी आम्ही उकडलेली अंडी आणि पाव खात बसलो होतो तिथं तो स्वतः आला.

"मिसेस हॉबार्ट, तुम्ही ऐकता तसं या गावात कुणी ऐकत नाही."

मला ठसका लागला. लेटी लाजली आणि मान हलवली. फॅलन गेला तो थेट टकरकडे. काय बोलला ते लांबून लेटीनं वाचलं आणि तिच्या हातातलं अंडं खाली पडलं.

"मॉड, तो म्हणतोय ज्यूरीचा मुख्य म्हणून मला उभं करा. निकाल मी सांगायचा. मला वाक्य देतोय गं!"

वाक्य! एक्स्ट्रा बाई आयुष्यभर ज्याच्यासाठी नवस करते ते. आणि आम्ही दोघी जणू कुणी वॉरंट आणल्यासारख्या एकमेकींकडे बघत बसलो.

"नाही म्हण," मी म्हटलं.

"काय कारण सांगू?"

कारणच तर नव्हतं. वाक्य नाकारणारी एक्स्ट्रा आजवर कुणी पाहिली नव्हती. नाही म्हटलं असतं तर जास्तच चौकशी झाली असती. बरं, वाक्यही कसं? न्यायाधीश विचारणार, निकाल ठरला का. हिनं उठायचं आणि म्हणायचं, "निर्दोष, महाराज. आणि वकीलसाहेबांचं लग्न झालंय का?"

वाक्य तिनं एका दमात पाठ केलं. प्रश्न होता कधी बोलायचं. न्यायाधीश झालेल्या म्हाताऱ्याला एवढाल्या मिशा. त्या झाडीत ओठ आहेत की नाहीत ते देवालाच ठाऊक. मुख्याची खुर्ची वेगळी, पुढे टोकाला, म्हणजे माझं कोपरही गेलं. खोलीवर आम्ही तालीम केली. मी ब्रश मिशीसारखा ओठांवर धरून न्यायाधीश व्हायचे आणि ती माझ्या डोळ्यांवरून अंदाज बांधायची. कधी जमायचं, कधी मी अर्ध्यावर असतानाच ती "निर्दोष" म्हणून मोकळी. मध्येच रडायला लागली.

"मी जाऊन सांगूनच टाकते टकरला."

"आणि मग काय खाशील? डोंबल?" मी खेकसले. प्रेमानंच खेकसले, पण खेकसले. "तू फक्त फॅलनकडे बघ. न्यायाधीशाचं बोलणं संपलं की तो आपोआप तुझ्याकडे बघेल."

शॉटचा दिवस उजाडला. आणि सेटवर पाऊल टाकते तो काय, सगळी मांडणी बदललेली! पर्डीला आवाज नीट मिळत नव्हता म्हणून फॅलनला सुरईकडे तोंड करून उभा केला होता. म्हणजे लेटीकडे त्याची पाठ. मी मागे, माझ्या आठ नंबरच्या खुर्चीत. लेटीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

लाल दिवा लागला. न्यायाधीशाच्या मिशा हलल्या. थांबल्या. तो प्रश्न विचारून मोकळा झाला होता आणि लेटी पुतळ्यासारखी बसून होती. एवढी शांतता, की दिव्यांची तार तापलेली ऐकू यावी. टकरनं मान पुढे काढली. मी खोकू शकत नव्हते, हलू शकत नव्हते. देवा, मला उचल पण तिला उठव, असं मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात फॅलन वळला. कुणी सांगितलं नव्हतं. कोटाचं फूल नीट करत, अगदी नाटकात असल्यासारखा सावकाश वळला, लेटीकडे पाहिलं आणि एक भुवई वर केली. ती ताडकन उठली.

"निर्दोष, महाराज. आणि वकीलसाहेबांचं लग्न झालंय का?"

चेहरा काय झाला होता सांगू! लाज, धाक, आशा, सगळं एकदम. पण आवाज... जाडाभरडा, सपाट, "लग्न" शब्दावर वर उडालेला आणि शेवटी फाटलेला. दिवा विझला. कुणी कुणाकडे बघेना. काचेमागे पर्डीनं कानावरची यंत्रं काढून ठेवली. लेटी सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती, आणि कुणाचंच तोंड हलत नव्हतं.

फॅलन चालत गेला, तिचा हात हातात घेतला आणि ओठांना लावला. "काय आवाज आहे!" तो म्हणाला, अगदी स्पष्ट, तिच्याकडे तोंड करून. लेटीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मग त्यानं मला पडद्यामागे गाठलं.

"किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"मॉडबाई, माझ्यापुढे वकिली नको. ती मी करतो." इकडेतिकडे बघून तो हळू बोलू लागला. "टकरला मी सांगितलंय की तिला सर्दी झालीय. तो उद्या दुसरी बाई उभी करायला निघाला होता. मग कचेरीनं विचारलं असतं, पहिली का काढली. पर्डी काही मुका नाही. कळलं? आता ऐका. चेहरा सोन्यासारखा आलाय. फक्त आवाज दुसरा हवा. पडद्यावर तुकडा चालू असताना कुणीतरी बरोबर त्याच वेळी तेवढं एक वाक्य बोलायचं. टकर हो म्हणालाय. बाहेरची बाई आणली तर बभ्रा होईल. तुम्ही गायिका होतात ना?"

"तिला काय सांगायचं?"

"काही नाही. कुणाचं नुकसान होतंय? चित्राला आवाज मिळतो, तिला काम मिळतं, तुम्हाला मैत्रीण मिळते. निर्दोष!" आणि तो हसला, कॉर्नेलियस स्वीटसारखाच.

ज्यूरी जशी वितळायची तशीच मी वितळले, काय करणार? लफंगा खरा, पण तेवढ्यात त्यानं खाली बघत म्हटलं, "ती बघत असते तेव्हा मला वाटतं मी काहीतरी बोलतोय. नाहीतर विहिरीत बोलल्यासारखं होतं." मग आवाज भरायच्या काळोख्या खोलीत मी उभी राहिले, पडद्यावर लेटी उठली, आणि मी बोलले. माझ्या आवाजात नाही. तिच्या जुन्या, मऊ. दुसरा सुचलाच नाही.

चित्र आमच्या भागातल्या थिएटरात लागलं तेव्हा रविवारच्या दुपारी आम्ही गेलो. लेटीनं नवी हॅट घातली होती. कोर्टाचा प्रसंग जवळ आला तशी ती खुर्चीत गुडघे टेकवून पडद्याकडे पाठ करून बसली. लोकांकडे तोंड करून. मागचा माणूस "ओ बाई" म्हणाला, हिला काय त्याचं.

पडद्यावर लेटी उठली. तिच्या तोंडून तो साथीआधीचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आणि थिएटर फुटलं! माणसं टाळ्या पिटत होती, एक म्हातारा खुर्चीतून घसरला, बायका रुमाल तोंडात कोंबत होत्या. लेटी ती उघडी तोंडं बघत होती, एकेक करून, जणू प्रत्येक तोंड तिला मोजून घ्यायचं होतं. तिचे डोळे भरून वाहत होते.

बाहेर उन्हात आल्यावर तिनं माझे दोन्ही दंड धरले.

"मॉड, मी कचेरीत सांगणार. मला बोलणाऱ्यांत घाला म्हणून. एकच वाक्य, पण बघितलंस ना कसे हसले? खरं सांग, कसा होता माझा आवाज?"

 छान म्हटलं तर ही उद्याच कचेरीच्या दारात उभी राहून बोलून दाखवणार, आणि सगळं उघडं पडणार. मी म्हणायला तोंड उघडलं, काय म्हणायला देव जाणे, आणि माझा हात आपला आपण तोंडावर गेला.

लेटीनं तो हात पाहिला. बराच वेळ पाहिला. मग बोटं सोडवल्यासारखा अलगद खाली घेतला.

"कुणाचा?"

"तुझाच. तापाआधीचा," मी म्हटलं. मला हुंदका आला. "माझ्या गळ्यातून, पण तुझाच गं. शपथ."

 ट्राम आली, आम्ही बसलो. घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "चांगला होता का गं तो? मी विसरले."

"फार चांगला होता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी मी जिन्याखाली उभी राहिले. माझा फोन झाला. काम नाही, उद्या करा. दम खाल्ला आणि लेटीचा लावला. लेटी समोर उभी होती, हात पोटाशी घट्ट धरून. पलीकडची मुलगी एकदम किंचाळलीच.

"मिसेस हॉबार्ट! अहो, काल चित्र पाहिलं मी. पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला! आईला म्हटलं, ही तर आमची मिसेस हॉबार्ट. सांगा ना, तुम्हाला बोलणाऱ्यांत घालू का? साहेब विचारत होते."

 लेटीनं माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. "काय म्हणतेय?" मी एकेक शब्द तोंड उघडून सांगितला. तिनं क्षणभर डोळे मिटले. मग पुढं झाली, भिंतीवरच्या फोनच्या तोंडाशी तोंड नेलं. ऐकायचा भाग माझ्याच कानाला होता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच टेलिफोनवर बोलत होती.

"नको," ती म्हणाली, त्या जाड, फाटक्या, स्वतःच्या आवाजात. "मला आहे तिथंच राहू द्या. आभारी आहे."

ती मागे सरली आणि माझ्याकडे बघू लागली. शाळेतल्या मुलीनं पाठ म्हणून दाखवावं तशी. मी कान लावून उभी होते.

"कोण बोलतंय?" पलीकडची मुलगी म्हणाली. "बाई, तुम्ही कोण? जरा मिसेस हॉबार्टना द्या ना फोन."

"काय म्हणाली गं?" लेटीनं विचारलं.

मी फोनच्या तोंडावर तळवा ठेवला आणि माझं तोंड तिच्याकडे वळवलं, दिव्याच्या उजेडात. "बरं म्हणाली," मी सांगितलं. मग तळवा काढला.

"हो, मीच बोलतेय," मी म्हटलं.